दोन्ही नावांची व्यक्ती एकच

९ फेब्रुवारी

मानसीच्या स्वाध्यायांचा शेवटचा गठ्ठा आज स्कॅन करून साइटवर चढवला. मुक्त शाळेची बारावी म्हणजे वर्ग नाही, घंटा नाही. फोनवरचे व्हिडिओ, घरपोच आलेली पुस्तकं आणि हे स्वाध्याय. अडतिसाव्या वर्षी, बालवाडीतली मावशीची नोकरी आणि दोन वेळचा स्वयंपाक सांभाळून माझ्या धाकट्या जावेने पाचही विषयांचे पूर्ण केले. मी फक्त स्कॅन केले.

‘फक्त’ खरं नाही. समाजशास्त्राच्या एका उत्तराची भाषा मी सुधारली होती. प्रश्न होता, तुमच्या परिसरात झालेला बदल. तिने लिहिलं होतं : ‘आमच्या खाचरांत आता चार बिल्डिंगी आहेत. सासूबाई अजून दुपारी गॅलरीतून तिकडे बघतात आणि कुठे बांध होता ते सांगतात.’ मी त्याचं ‘नागरीकरणामुळे शेतजमिनीचे रूपांतर’ वगैरे करून दिलं. तिने वाचलं, आणि बसून पुन्हा आपलंच उतरवून काढलं.

“ताई, तुमचं छान आहे. पण तपासणाऱ्या मॅडमनी फोन करून विचारलं तर मला बोलता येणार नाही.”

बरोबर आहे तिचं. मला राग आला होता, हेही नोंदवून ठेवते.

३ मार्च

आज कारखान्यात, आमच्या टाइम ऑफिसात (कामगारांची हजेरी आणि कागद आमच्याकडे) एक नवीन ऑपरेटर जॉइन व्हायला आला. आधारवर बबलू, शाळेच्या दाखल्यावर बालाजी. “मॅडम, दोन्ही मीच आहे.” मी म्हणाले, “मला पटतंय, पण कागदाला पटत नाही. ॲफिडेव्हिट घेऊन या.” त्याची जॉइनिंग आजचीच होती. थोडा वेळ गेटपाशी उभा राहिला, मग आनंदनगरच्या रिक्षा लागतात तिकडे चालत गेला. माझं वाक्य मला आवडलं होतं. दिवसभरात दोघांना सांगितलं.

संध्याकाळी मानसीचं हॉल तिकीट आलं. प्रिंट काढून तिच्या हातात द्यायच्या आधी सवयीने वरपासून वाचलं. मानसी नितीन पाटील.

दहावीच्या गुणपत्रकावर सुगंधा कान्हू भोईर आहे.

बबलू आला नसता तर मी वाचलंही नसतं बहुतेक. रोज दुसऱ्यांच्या कागदात हेच शोधण्याचा मला पगार मिळतो.

तिला काही बोलले नाही. ती फोटो चिकटवत बसली होती, कडेने जास्तीचा डिंक पुसत.

४ मार्च

आठवून पाहिलं. मागच्या जुलैत अर्ज मीच भरला. साइटने नाव आधारवरून आपोआप उचललं. खाली एक चौकोन होता : वरील माहिती दहावीच्या प्रमाणपत्राप्रमाणे आहे. साइट तिसऱ्या दिवशीही अडकत होती, एकदाची पुढे सरकली होती, आणि मी त्या चौकोनात बरोबरची खूण केली. गुणपत्रक शेजारीच पडलं होतं. मीच ते स्कॅन करून चढवलं होतं.

पाहिलं नाही, की पाहून सोडलं? खूप प्रयत्न केला, सांगता येत नाही. बोटाला आठवतं, डोळ्याला आठवत नाही, असं काहीतरी.

दुपारी ऑफिसातून मुक्त शाळेच्या मदत क्रमांकावर चार वेळा लावला. नाव-दुरुस्तीची मुदत परीक्षेआधी संपते की नंतरही असते, एवढंच विचारायचं होतं. लागला नाही. पाचव्यांदा लावला नाही.

तिला आत्ता सांगितलं तर पेपर होईपर्यंत जीव टांगणीला लागेल, म्हणून सांगत नाही, असं ठरवलं आहे. हे कारण खरं आहे. सोयीचंही आहे.

७ मार्च, शुक्रवार. कारखान्याची साप्ताहिक सुट्टी.

आमच्या घरात सुनांची नावं बदलतात. माझं बदललं नाही. लग्नाआधी माझ्या बाबांनी आईंना (सासूबाईंना) सांगितलं होतं, पदवीच्या सगळ्या कागदांवर वैशाली आहे, बदललं तर नोकरीत घोळ होईल. आईंना पटलं. “शिकलेली हाय, ऱ्हाऊ द्या तिचं.”

सहा वर्षांनी धाकट्या दिराचं, नितीनचं लग्न. मांडवातच आईंनी मला हाक मारली : “तू शिकलेली, तूच सांग एक चांगलंसं नाव.” मी मानसी म्हणाले. माझ्या कॉलेजात त्या नावाची एक मुलगी होती, वादविवादात बक्षिसं मिळवायची. नितीनने ताटातल्या तांदळांत अंगठीने मानसी लिहिलं, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. जिचं नाव होतं ती मान खाली घालून बसली होती.

कोणीतरी म्हणालं होतं, “हिचे कुठे कागद अडणार आहेत.” हे वाक्य कोणाचं होतं ते मला आठवत नाही. बाकी सगळं आठवतं, ताटाची कडसुद्धा. तेवढंच आठवत नाही, म्हणजे बहुधा माझंच असावं.

१६ एप्रिल

तिसरा पेपर झाला. केंद्र उल्हासनगर कॅम्प ४ मधल्या एका शाळेत. बाकं पाचवीच्या मुलांची, गुडघे मावत नाहीत म्हणाली. तिच्या मागे कॅम्प १ ची कांचन म्हणून एक सिंधी बाई असते. घरी न सांगता परीक्षेला येते. “दुकान का माल देखने जा रही, ऐसा बोलके आती हूँ. तीन पेपर हो गये, माल कुछ लायी नहीं, अब सास पूछ रही है.” मानसी हे सांगताना हसत हसत खाली बसली. कितीतरी दिवसांनी तिला अशी हसताना पाहिलं.

आई तिला दर पेपरच्या सकाळी विचारतात, “आज कंचा हाय गो?” उत्तर ऐकून मान हलवतात, जसं काही अर्थशास्त्र त्यांना ओळखीचं आहे. हातावर दही देतात. पहिल्या पेपरला दिलं नव्हतं.

२३ मे

बालवाडीच्या मोठ्या बाईंनी मानसीला बोलावून घेतलं. एक सहायक शिक्षिका सोडून चालली आहे. बारावी झाली आणि बी.ए.ला प्रवेश घेतल्याची पावती जुलैअखेर दाखवली तर ती जागा मानसीला देऊ. नाहीतर बाहेरून कोणी घ्यावं लागेल. त्यांनाही वर उत्तर द्यायचं असतं.

नऊ वर्षं ती तिथे मुलांचे डबे उघडून देते, शू झाली की चड्ड्या बदलते. गाणी तिला सगळ्या बाईंपेक्षा जास्त येतात, पण ती दाराबाहेर उभी राहून म्हणते. आज स्वयंपाक करताना म्हणाली, “ताई, फळ्यावर लिहायला मिळेल. मी खडू उचलला की आत्ता सगळे बघतात.”

रात्रीच्या भाकऱ्यांच्या वेळी नितीन नेहमीप्रमाणे : “वहिनी, एका घरात दोन ग्रॅज्युएट झाल्यावर भाकऱ्या थापायला मुक्त शाळेतूनच कोणी मागवायचं का?” मी म्हणाले, तुम्ही ॲडमिशन घ्या त्याची. तो उठून खरंच परातीशी बसला. एक भाकरी केली. गायीला घातली.

आज सांगायला हवं होतं. सांगितलं नाही.

१८ जून

पास. एकसष्ट टक्के. समाजशास्त्रात एक्क्याऐंशी.

नितीनने पेढे आणले. आईंनी शेजारच्या बिल्डिंगीत चारही मजल्यांवर स्वतः फिरून वाटले. गुडघे दुखतात म्हणून खाली उतरत नाहीत त्या. मानसी फोनवरचं गुणपत्रक बोटांनी मोठं करून पाहत होती. मला वाटलं गुण पाहते आहे. ती नाव पाहत होती. पुन्हा पुन्हा तिथेच मोठं करत होती.

मी पेढा खाल्ला. दोन खाल्ले.

२० जून, शुक्रवार

दोघी उल्हासनगरला कॉलेजात गेलो. याद्या कधीच लागून गेल्या आहेत, मुक्त शाळेचा निकाल उशिरा येतो. पण बी.ए.च्या थोड्या जागा शिल्लक होत्या. खिडकीतल्या क्लार्कने दोन्ही गुणपत्रकं शेजारी शेजारी ठेवली, चष्मा वर सरकवला आणि माझ्याकडे पाहून विचारलं,

“मॅडम, दसवी सुगंधा की, बारवी मानसी की. ॲडमिशन किसका करू?”

मागच्या रांगेतली दोन मुलं हसली. त्याने हसवायला विचारलं नव्हतं. मॅरेज सर्टिफिकेट असेल तर चालेल म्हणाला. आमच्याकडे त्या वर्षी कोणी लग्नाची नोंदणी केलीच नाही, फोटो आहेत आणि पत्रिका आहे. पत्रिकेवर सुगंधा. नाहीतर नाव बदलल्याचं राजपत्र, गॅझेट. त्यासाठी आधी ॲफिडेव्हिट. जागा राहिल्या तर.

मी बबलूला म्हणाले होते तेच, जवळजवळ त्याच शब्दांत, तो मला म्हणाला. हिंदीत.

मानसीने खिडकीतून दोन्ही गुणपत्रकं परत घेतली. परत येताना रिक्षात म्हणाली, “म्हणजे चूक कुठे झाली?”

मी म्हणाले, घरी गेल्यावर सांगते.

२१ जून

सांगितलं. सगळं. चौकोन, हॉल तिकीट, पाचव्यांदा न लावलेला फोन. तांदळाचं ताटही.

ती कोथिंबीर निवडत होती, निवडत राहिली. मग म्हणाली, “हॉल तिकीट मीपण वाचलं होतं.”

“मग बोलली का नाहीस?”

“तुम्ही भरलं होतं ना. म्हणजे बरोबरच असणार, असं वाटलं.” थोड्या वेळाने : “आणि चांगलं वाटलं. शाळेच्या कागदावर मानसी पहिल्यांदाच आलं.”

मी म्हणाले, मी तुला त्या वेळी विचारायला हवं होतं, मांडवात. ती म्हणाली, “मला आवडलं होतं नाव. विचारलं असतं तर हो म्हटलं असतं. विचारलं नाही, ते वेगळं.”

एवढ्यावर मला बरं वाटायला हरकत नव्हती. वाटलं नाही. तिने माफ केलं की नुसतं सांगितलं, कळलं नाही. आणि मला हे कळायलाच हवं, अशी घाई का आहे?

२४ जून

नितीनच्या ओळखीत एक एजंट आहे. दहावीचं नवीन गुणपत्रक करून देतो, मानसी नावाचं, सही-शिक्क्यासकट. दोन दिवसांत. “वहिनी, खोटं काय आहे त्यात? मार्क तेच, बाई तीच.”

मी बोलायला तोंड उघडलं. म्हणायचं होतं ते सगळं तयार होतं, गुन्हा, कलम, नोकरी. त्याआधी मानसीच म्हणाली, “ती दहावी मी खरोखर पास झालेय. नदी ओलांडून जायचे शाळेत. आता तिचीच डुप्लिकेट करू?”

नितीनने हातातला फोन खाली ठेवला. मग म्हणाला, “पोहता येतं तुला? कधी बोलली नाहीस.”

“होडी होती,” ती म्हणाली.

माझं भाषण मनातच राहिलं. तिच्या एका वाक्याने जे झालं ते माझ्या दहांनी झालं नसतं.

२७ जून, शुक्रवार

आजचा दिवस मी घालवला. स्पष्ट लिहिते.

कोर्टाजवळच्या टायपिस्टकडे ॲफिडेव्हिट करायला गेलो. नोटरी वरच्या मजल्यावर. टायपिस्टकडे मजकूर तयारच असतो, नाव भरायचं. त्याने प्रिंट काढून दिला. त्यात होतं : ‘मुक्त शाळेचा अर्ज भरताना माझ्याकडून नजरचुकीने विवाहानंतरचे नाव नमूद झाले.’

मी म्हणाले, हे खरं नाही. अर्ज हिने भरला नाही, मी भरला. आणि नजरचूक होती का, तेही मला शपथेवर सांगता येत नाही.

“मॅडम, सगळ्यांचं हेच असतं.”

“पण खाली सत्यप्रतिज्ञेवर असं लिहिलंय.”

“ते पण सगळ्यांचं असतं.”

मानसीने पेन हातात घेतलं होतं. मी म्हणाले, थांब. बदलून घेऊ. टायपिस्ट म्हणाला, तुमचं नाव घालायचं तर तुमचंही वेगळं ॲफिडेव्हिट लागेल, तुमचे कागद, तुमची ओळख पटवणारा साक्षीदार. हे सगळं बोलेपर्यंत नोटरी जेवायला गेले, मग कुठल्या कामाला कल्याणला गेले. आम्ही सही न करता परत आलो. कॉलेजच्या खिडकीतल्या त्या माणसाने सांगितलेल्या जागा आज सात होत्या. (फोन करून विचारलं.) मागच्या शुक्रवारी पंधरा होत्या.

त्या खोट्याखाली माझी सही असती तर मी थांबले असते ते ठीक. पण सही तिची होती. खोटं लिहायचं की नाही हा निर्णय कोणाचा? शपथ तिची, चूक माझी. यातलं कुठलं जास्त भरतं?

२९ जून

दोन दिवस मानसी माझ्याशी कामापुरतं बोलली. “मीठ.” “दूध आलं.” आज धुणं वाळत घालताना मीच विषय काढला. म्हणाले, तुझ्यावर खोटं येऊ नये म्हणून मी...

तिने साडी दोरीवर टाकली, दोन्ही टोकं जुळवली आणि माझ्याकडे न बघता म्हणाली,

“ताई, लग्नात तुमचं नाव राहिलं. आता तुमचं खरंही राहू दे. सात जागा आहेत त्या माझ्या जाऊ देत.”

एवढा वेळ तिचा आवाज चढला नव्हता. पुढे मात्र चढला : “मी सही करणार होते ना? मला वाचता येतं. काय लिहिलंय ते मला कळलं होतं.”

आई दारात येऊन उभ्या राहिल्या.  दोघींपैकी कोणाकडे बघायचं ते त्यांना ठरवता येत नव्हतं, म्हणून बादलीकडे बघत होत्या.

मी नवऱ्याला सगळं सांगितलं. प्रशांत म्हणाला, “तू चूक कबूल करायला एवढी घाई करतेस की बाकीचे रांगेत मागे राहतात.” त्याला हे आत्ता सुचलं की वीस वर्षं साठवून होतं, विचारलं नाही.

१ जुलै

सकाळी मानसीने वहीचा एक कागद माझ्यापुढे ठेवला. स्वाध्यायासारखाच, डाव्या बाजूला समास सोडून लिहिलेला.

‘सुगंधा कान्हू भोईर आणि मानसी नितीन पाटील या दोन्ही नावांची व्यक्ती एकच असून ती मी आहे. पहिले नाव वडिलांनी ठेवले. दुसरे नाव लग्नात सासरी ठेवले. दोन्ही वेळा मला विचारले नव्हते. दहावी पहिल्या नावाने आणि बारावी दुसऱ्या नावाने मी स्वतः अभ्यास करून पास झाले आहे.’

“चूक कोणाची ते लिहायलाच कशाला पाहिजे?” ती म्हणाली. “त्यांना फक्त एकच बाई आहे का ते हवंय.”

मी ऑफिसात दरवर्षी अशी शंभर ॲफिडेव्हिटं फाइलला लावते. त्यात कारण असतं म्हणून कारण लागतं, असं मी धरून चालले होते. कारणाशिवाय खरं लिहिता येतं हे मला सुचलं नाही. मी कारणातच अडकले होते, कारण त्यात मी होते.

अर्धा दिवस रजा टाकली. टायपिस्टने कागद वाचला, पुन्हा वाचला. “ताई, ते ‘विचारले नव्हते’ काढू या. कोर्टाला नको ते.” मानसीने क्षणभर विचार केला आणि स्वतः पेनाने ती ओळ खोडली. एक सरळ रेघ, खालचं वाचता येईल अशी. बाकी सगळं जसंच्या तसं टाइप झालं. नोटरींनी मान वर न करता शिक्का मारला.

वहीचा कागद तिने परत मागून घेतला.

२ जुलै

संध्याकाळी राजपत्राचा ऑनलाइन अर्ज. लॅपटॉप तिच्याकडे वळवला. मी शेजारी बसले, हात मांडीखाली घेऊन. खरंच.

‘जुने नाव’ आणि ‘नवीन नाव’ असे दोन रकाने. ती थांबली. मी सांगितलं, नियमाने उलटंही करता येईल. बारावी दुरुस्त करून सुगंधाच ठेवायचं, मग आधार वगैरेही तसंच. त्याला महिने लागतील, यंदाचा प्रवेश जाईल. पण तुला हवं असेल तर.

“आता विचारताय,” ती म्हणाली. रागाने नाही. तिने जुन्यात सुगंधा टाकलं, नव्यात मानसी. एका बोटाने, एकेक अक्षर शोधत. मग म्हणाली, “शाळेतली मुलं मानसीमावशी म्हणतात. त्यांना राजपत्र कोण दाखवणार?”

सबमिट करण्याआधी तिने पूर्ण अर्ज पहिल्यापासून मोठ्याने वाचला. घराचा पत्ता, पिनकोड, सगळं. ‘वरील माहिती खरी आहे’ या चौकोनाशी तिने माझ्याकडे पाहिलं. मी दुसरीकडे पाहिलं. खूण तिने केली.

तिने हे नाव निवडलं, की वेळ नव्हता म्हणून उरलं ते घेतलं? दोन्ही असू शकतं. मला एकच उत्तर हवं असतं, हा माझा दोष.

४ जुलै, शुक्रवार

तात्पुरता प्रवेश. दोनच जागा उरल्या होत्या. हमीपत्रावर सही : राजपत्राची प्रत २६ जुलै, दुपारी दोनपर्यंत न दिल्यास प्रवेश रद्द समजावा. क्लार्क या वेळीही सगळं माझ्याकडेच बघून बोलला. “मॅडम, इनको समझा दो, डेट के बाद मैं कुछ नहीं कर सकता.” इनको सगळं समजत होतं. मी हे तेव्हा म्हणायला हवं होतं.

बालवाडीच्या बाई म्हणाल्या, तात्पुरती पावती चालणार नाही, पक्की आणा.

१८ जुलै, शुक्रवार

राजपत्र गुरुवारी निघतं. कालच्यात नाव नाही. अर्जाची स्थिती ‘प्रक्रियेत’. मानसी सोमवारपासून सकाळच्या तासांना जाते. तिथून थेट बालवाडीत. वर्गात सगळ्यात मोठी तीच. एका मुलीने पहिल्या दिवशी उठून तिला ‘गुड मॉर्निंग मॅम’ म्हटलं, मग ती बाकावर बसलेली पाहून लाजली. आता तीच मुलगी हिच्या शेजारी बसते आणि डब्यातली तांदळाची भाकरी मागून खाते.

हजेरीपटावर नाव अजून नाही. सर शेवटी विचारतात, कोणी राहिलं का. ही हात वर करते.

आईंना आज विचारलं, तुमचं लग्नाआधीचं नाव काय होतं? एवढ्या वर्षांत मी कधी विचारलं नव्हतं. त्या तांदूळ निवडत होत्या. एक खडा काढून बाजूला टाकला. मग म्हणाल्या, “व्हतं एक. सांगतंय कोन आता.” आणि सांगितलं नाही.

२४ जुलै, गुरुवार

आजच्यातही नाही.

मानसीने तीन वेळा यादी वर-खाली पाहिली. मग लॅपटॉप मिटला आणि कणीक मळायला गेली. नितीन तिच्यामागे स्वयंपाकघरात गेला. काय बोलला ते ऐकू आलं नाही. तिचं उत्तर ऐकू आलं : “नाही, मी रडत नाहीये. कांदा आहे.” कांदा नव्हता. मी मघाशीच पाहिलं होतं.

जेवताना म्हणाली, शनिवारी जाते. मुदत वाढवून मागते. दिली तर दिली.

२६ जुलै, शनिवार. ऑफिसात.

वही पर्समध्ये घालून आणली. कधी आणत नाही.

काल रात्री मानसीला म्हणाले, येऊ का, अर्धा दिवस टाकते. “नको ताई. तुम्ही असलात की तो माणूस तुमच्याशीच बोलतो.” हे ती इतक्या साधेपणाने म्हणाली की मला उत्तर शोधावं लागलं नाही.

सकाळी तिने फाइल भरली. ॲफिडेव्हिट, राजपत्राच्या अर्जाची पावती, दोन्ही गुणपत्रकं, अन् मुदतवाढीचा अर्ज. अर्ज तिनेच लिहिला आहे. काय लिहिलंय ते तिने दाखवलं नाही. मी मागितला नाही. तोंडाने मागितला नाही. हात पुढे झाला होता, तो मी तसाच डब्याकडे नेला.

माझ्या पर्समध्येही एक पत्र आहे. परवा लिहिलं. प्राचार्यांना : अर्ज मी भरला, नावाची चूक माझी, विद्यार्थिनीचा यात दोष नाही, तरी प्रवेश रद्द करू नये. चांगलं पत्र आहे. खाली पदनाम, सही. सकाळी ती चपला घालत होती तेव्हा ते पर्समधून अर्धं बाहेर काढलं. ते दिलं असतं तर मला हलकं वाटलं असतं. तिच्या कामाला आलं असतं का? कदाचित आलंही असतं. इथेच अडकते आहे सकाळपासून. ती नको म्हणाली होती माझ्या येण्याला, पत्राला नाही. पत्राचं मी तिला विचारलंच नाही. पुन्हा तेच केलं का मी, उलट बाजूने?

संध्याकाळी विचारेन. तेव्हा काही उपयोग असला तर.

दीड वाजला. अकराला पोहोचली असणार. मेसेज नाही. रांग असेल. क्लार्क जागेवर नसेल. बॅटरी नसेल, तिचा फोन जुना आहे. किंवा बोलणं चालू असेल. ‘काय झालं?’ असं दोनदा टाइप करून पुसलं.

समोर एक नवीन पोरगी कागद घेऊन बसली आहे. तिच्या दाखल्यावरचं आडनाव वेगळं आहे. दहा मिनिटं थांबायला सांगितलं आहे तिला.

एक पन्नास. दोनला मुदत संपते. फोन नाही. मी करणार नाही.